सातविणीला बांधलेली चिंधी

नवऱ्याने म्हातारपणी कसं वागावं याबद्दल माझ्या काही मोठ्या अपेक्षा नव्हत्या. वेळेवर जेवावं, ओसरीवर पेंगावं, संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन यावं आणि मधल्या वेळात माझ्या पायांत येऊ नये. एवढंच! पण आमच्या ह्यांना ते जमेल तर ना! हे झाडांना मिठ्या मारत फिरतात. तेही डोळे मिटून!

पहिली खबर मासळीवाल्या बेबीने आणली. टोपली खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "अम्मा, तुमचे यजमान बांधावरच्या फणसाच्या गळ्यात पडून उभे आहेत. घरात भांडण झालं का हो?"

"भांडण झालं असतं तर फणसाच्या नाही, डॉक्टरच्या गळ्यात पडले असते! बांगडे कसे दिले ते सांग!" मी म्हटलं. पण आत कुठेतरी खटकलं ते खटकलंच.

माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे गावात कुणालाही विचारा. दूधवाल्याने दुधात पाणी घालायचं मनात आणलं की इकडे माझी भुवई वर जाते. मी शाळेत तिसरीच्या पुढे गेले नाही, कारण चौथीच्या मास्तरांनी हिशोबात लबाडी केली आणि मी ती पकडली. मग त्यांनाही मी नको होते आणि मलाही ते. तर सांगायचं काय, मला फसवणं सोपं नाही.

आमचे हे पस्तीस वर्षं हुबळीला हॉटेलच्या गल्ल्यावर बसले. झाडपाल्यातला कढीपत्ता तेवढा ओळखायचे, तोही फोडणीत पडला तर. गल्ला सोडून गावी आले आणि एका रविवारी देवळाच्या भोजनशाळेत भरणाऱ्या वर्गाला जाऊन बसले. कुणी रिटायर झालेले प्रोफेसर तिथे औषधी वनस्पती शिकवतात. फुकट! फुकट म्हटल्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"सर म्हणतात, डोळे फसवतात," हे मला सांगू लागले. "झाड हाताने ओळखायचं. नाकाने ओळखायचं. म्हणून डोळे मिटून सराव करायचा."

"गल्ल्यावर असताना असा सराव केला असतात तर हॉटेल केव्हाच बुडालं असतं!"

"अगं वारिजा, शिकतोय मी काहीतरी. या वयात."

"शिका ना! पण माझ्या भांड्यांत नको."

माझ्या मासळीच्या मडक्यात ह्यांनी गुळवेल उकळली होती. त्यानंतर केलेल्या कालवणाची चव अशी, की मांजराने एकदा हुंगलं आणि माझ्याकडे बघून घेतलं. मग एक दिवस पेलाभर हिरवा रस घेऊन हे माझ्यापुढे उभे. म्हणे ब्राह्मी. स्मरणशक्ती वाढते.

"माझी?" मी विचारलं. "आपल्या लग्नात तुमच्या मावशीने आहेराचं पातेलं परत आपल्याच पिशवीत घातलं, ते कोणत्या रंगाच्या पिशवीत, सांगू?"

हे रस घेऊन मागे वळले. तेव्हापासून मात्र मी या घरात कुठलाही पेला हुंगल्याशिवाय तोंडाला लावला नाही.

"चहात काय घातलंत?"

"चहा."

"आणि?"

"दूध."

"आणि?"

"साखर गं, वारिजा! साखर!"

इतकी सरळ उत्तरं देणारा माणूस नक्की काहीतरी लपवत असतो.

माझा संशय खरा ठरला तो महाबल अण्णाच्या गुडघ्यावर. अण्णा माझा थोरला भाऊ. आम्हा बंट जातीच्या लोकांत घर आईकडून मुलीकडे येतं आणि त्याचा कारभार भाऊ बघतो. नवरा म्हणजे पाहुणाच, फक्त परत जायचं विसरलेला. तर अण्णाचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो. हे एका दुपारी चित्रकाचं मूळ उगाळून घेऊन आले. मेहुणे मेहुणे आमच्याकडे एकमेकांना 'भावा' म्हणतात.

"भावा, जरासं गरम लागेल," हे म्हणाले.

जरासं! अण्णाची बोंब ऐकून माडाच्या शेंड्यावर चढलेला गडी नारळ न पाडताच खाली उतरला. मी धावत गेले, तर अण्णाच्या गुडघ्यावर इडलीएवढा फोड टरारून फुगलेला!

"सरांनी सांगितलं होतं, थोडाच वेळ ठेवून पुसून काढायचं," हे चाचरत म्हणाले.

"मग पुसलं का नाहीत?"

"बसल्या बसल्या डोळा लागला."

"भावा," अण्णा दात ओठ खात म्हणाला, "तू हुबळीला परत जा. मी बसभाडं देतो."

हे सगळं झालं आटी महिन्यात, म्हणजे ऐन पावसात, आणि अमावास्या तोंडावर आलेली! आता आमच्याकडे आटीच्या अमावास्येला काय असतं ते सांगते. त्या पहाटे कावळा ओरडायच्या आत घरातल्या पुरुषाने रानात जायचं, सातविणीची साल काढून आणायची. सुरी, कोयता लावायचा नाही, दगडाने ठेचूनच काढायची. मग तिचा रस लसूण, मिरी, ओवा घालून सगळ्या घराने उपाशीपोटी प्यायचा. कडू म्हणजे इतका कडू, की वर्षभराची दुखणी पोटातून स्वतःहून निघून जातात. वर मेथीची पेज खायची, म्हणजे जीव थंड होतो.

आमच्या घरी साल आणायचा अण्णा. दरवर्षी तोच. आता अण्णा पाय स्टुलावर ठेवून बसलेला. प्रश्न पडला, कोण जाणार?

"मी जातो," हे म्हणाले.

अण्णाने आधी आपल्या गुडघ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

"सातवीण आणि काजरा शेजारी शेजारी उगवतात, भावा," अण्णा म्हणाला. "अंधारात खोड सारखंच दिसतं. काजऱ्याची साल आणलीस, तर मेथीची पेज शिजवायची गरज उरणार नाही. खायलाच कुणी उरणार नाही."

गंमत नव्हती ती. काजरा म्हणजे जहर. आमच्या भागात दर थोड्या वर्षांनी कुठल्या तरी घरात हा घोटाळा होतो आणि गाव महिनाभर हळू आवाजात बोलतं.

"मला येतं ओळखता," हे म्हणाले. मग जमिनीकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले, "या घरात मी आजवर दुसऱ्याने आणलेला रस प्यायलो. एकदा माझ्या हातचा तुम्ही प्या. एवढंच."

आमची निरीक्षा तेव्हा घरी होती. लग्नानंतरच्या पहिल्या आटीत मुलगी माहेरी येऊन राहते ना, तशी. ती लगेच बापाच्या बाजूने उभी! "जाऊ दे ना गं अम्मा पप्पांना! किती हौस आहे त्यांना!"

"हौस तुझ्या मामाच्या गुडघ्यावर बघितली मी!"

पण दुसरा पुरुष कुठून आणायचा? शेवटी मी मान हलवली. तेवढ्यावर हे खुश! लगेच विचारतात कसे, "पूर्वी म्हणे पुरुष अंगावर सूतसुद्धा न ठेवता जायचे. तसंच जायचं का?"

"चड्डी घालून जा!" मी ओरडले. "रानातल्या बिबट्याने काय पाप केलंय?"

आदल्या संध्याकाळी झाडाला खूण करून यायची असते, म्हणजे अंधारात शोधत बसावं लागत नाही. हे निघाले, तशी मीही छत्री घेऊन मागून निघाले. विश्वास ठेवायचा, पण कुठे ठेवलाय ते बघून ठेवायचा, अशी माझी पद्धत!

वरच्या दगडी गडग्यापाशी दोन झाडं शेजारी शेजारी उभी होती. मी करवंदीच्या जाळीआड थांबले. ह्यांनी खिशातून लाल चिंधी काढली. बघते तर माझ्याच जुन्या लुगड्याचा काठ! डोळे मिटून ह्यांनी एका झाडावरून हात फिरवला, नाक लावलं, मान डोलावली, चिंधी बांधली आणि झाडाला हळूच म्हणाले, "उद्या पहाटे येतो हं. थोडंसं लागेल. रागावू नकोस."

लग्न झाल्यापासून माझ्याशी इतक्या गोडीने कधी बोलल्याचं मला तरी आठवत नाही!

हे गेल्यावर मी पुढे झाले. आता एक गोष्ट. सातविणीचा रस मी लहानपणापासून पीत आले, पण झाड काही मी जवळून पाहिलेलं नव्हतं. बायका साल आणायला जातच नाहीत. पण म्हणून काय झालं? मला माणसं ओळखता येतात, तर झाड ओळखता येणार नाही?

ह्यांनी चिंधी बांधलेलं झाड मी नीट न्याहाळलं. खरबरीत! अंगभर पुरळ उठल्यासारखं! वर एका बाजूला कलंडलेलं, जसं काही लपवायला तोंड फिरवलंय. शेजारचं झाड बघा! गुळगुळीत, राखाडी, सरळसोट. चांगल्या घरातलं वाटत होतं. औषध कोणाच्या अंगात असणार, तुम्हीच सांगा! असल्या पुरळवाल्याचा रस माझ्या लेकीने प्यायचा?

मी चिंधी सोडली आणि त्या सभ्य झाडाला बांधली. गाठ माझी, म्हणजे पक्की! वाचवलं मी घराला, असं म्हणत घरी आले आणि निवांत झोपले. इतकी निवांत, की पहाटे हे उठून कधी गेले तेही कळलं नाही.

उजाडायला आलं तेव्हा मी चुलीवर मेथीची पेज ढवळत होते. अण्णा लंगडत येऊन दाराशी टेकला.

"कुठल्या झाडाची आणतोय भावा?"

"वरच्या गडग्यापाशी दोन आहेत ना, त्यातल्या एकाची."

"हां, मग जरा काळजीच! त्यातली खरबरीत आहे ती सातवीण. आणि तो गुळगुळीत, सरळसोट उभा आहे ना, तो काजरा. आपल्या मामांचा कारभार होता तेव्हा त्यांना किती वेळा म्हटलं होतं, तोडा तो. सोज्वळ तोंडाचा मेला!"

पळी पेजेत बुडाली ती बुडालीच.

"उलट सांगतोस तू, अण्णा. गुळगुळीत असते ती सातवीण."

"साल मी आणत आलो की तू?"

मी पळी काढायला पेजेत हात घातला. भाजला. ओरडलेसुद्धा नाही! एवढी मी घाबरले होते. माझ्या पक्क्या गाठीने मी सगळं घर काजऱ्याला बांधून आले होते!

तेवढ्यात हे आले. अंगावरून पाणी निथळतंय, केसांत पानं, हातात अळूच्या पानात गुंडाळलेली साल, आणि चेहऱ्यावर काय तो आनंद!

"मिळाली?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मिळाली!"

"चिंधी होती?"

ह्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "चिंधी होती, वारिजा," म्हणाले आणि थेट पाट्याकडे गेले.

संपलं! आता बोलावं, तर अण्णा विचारणार, तुला कसं कळलं? आणि या घरात वारिजा चुकली असं कुणी म्हटलेलं भिंतींनीसुद्धा कधी ऐकलेलं नाही. म्हणजे काही न बोलता हा रस थांबवायचा होता. त्यात काय अवघड? मला कामं थांबवता येतात!

"अमावास्या उद्यावर गेली म्हणे," मी सुरुवात केली. "शेजारी कुणीतरी म्हणत होतं."

"कुणीतरी?" अण्णा म्हणाला. "पंचांग तर काल तूच वाचायला लावलंस निरीक्षाला!"

"पाट्यावर काल मी सुकी मासळी वाटली. वास राहिलाय."

"मी घासला दोनदा," ह्यांचं उत्तर. वाटणं चालूच!

"ढग बघा केवढे आलेत! अशा हवेत कडू बाधतं."

"अम्मा, आटीत ढग नसतात का कधी?" निरीक्षा हसली. "तुला प्यायचं नाहीये, असं सरळ सांग ना!"

ह्यांचा हात पाट्यावर थांबला. एक क्षणच. मग पुन्हा चालू झाला, पण वरवंटा आता जड झाल्यासारखा वाटला. पण करणार काय?

रस गाळून झाला. ह्यांनी चुलीतला तापलेला पांढरा खडा चिमट्याने उचलून भांड्यात सोडला. छर्रर्र! लसणीचा वास घरभर झाला. सगळे भांड्याकडे बघत होते, तेवढ्यात मी वळले आणि कोपराने भांडं असं उडवलं, की रस चुलीत, चूल विझली, आणि राखेचा ढग अण्णाच्या तोंडावर!

"अगंबाई! सांडलं!" मी म्हटलं. "जाऊ दे. देवाची इच्छा! चला, पेज घ्या."

"काळजी नको," ह्यांनी कोनाड्यातून दुसरं झाकलेलं भांडं काढलं. "काहीतरी सांडेल असं वाटलंच होतं मला. म्हणून अर्धा रस आधीच वेगळा काढला."

पस्तीस वर्षं हॉटेलात काढलेला माणूस! नको तिथे हुशारी!

चार पेले भरले. निरीक्षाने आपला पेला उचलला तशी मी किंचाळले, "ठेव खाली! आधी मोठी माणसं!"

"बरोबर," अण्णा राख पुसत म्हणाला. "आणि मोठ्यांतही आधी जो आणतो तो पितो. रीत आहे."

"कधीपासून, मामा?"

"माझ्या गुडघ्यापासून!"

"पितो की!" हे हसत म्हणाले. पेला दोन्ही हातांत धरला, पूर्वेला तोंड केलं, डोळे मिटले. ओल्या केसांत अजून एक पान तसंच होतं. ओठ पेल्याला लागणार, तेवढ्यात माझा हात आपोआप उठला आणि ह्यांच्या मनगटावर असा बसला, की पेला उडून तांदळाच्या सुपात पडला!

"पिऊ नका! काजरा आहे तो!"



"कशावरून?" अण्णाने विचारलं.

"आहे म्हणते ना मी!"

"पण कशावरून?"

"चिंधी मी हलवली! काल संध्याकाळी! त्या गुळगुळीत मेल्यावर मीच बांधली! झालं समाधान?"

"अम्मा! तू?" निरीक्षाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. अण्णाने आपला पेला, साप धरावा तसा हात लांब करून, खाली ठेवला. आणि मी, सांगायला लाज वाटते, पदराने ह्यांचे ओठ खसाखसा पुसत होते. थेंबसुद्धा लागला नव्हता, तरी!

"वारिजा, सोड. ओठ सोलशील," हे पदरातून म्हणाले. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहाटे गेलो, चिंधी हाताला लागली. पण झाड माझं नव्हतं. मी हात फिरवलेलं झाड खरबरीत होतं, हे गुळगुळीत. वासही नाही. मग शेजारी चाचपडलो, तर माझं झाड तिथेच उभं. दगड मारला तसा पांढरा चीक आला. काजऱ्याला असा चीक येत नाही. हे बघ." ह्यांनी पंजे पुढे केले. बोटं न् बोटं वाळलेल्या चिकाने चिकटलेली. सकाळपासून तीच बोटं माझ्या डोळ्यांपुढे वाटत होती, गाळत होती, आणि मी ढग दाखवत बसले होते!

"आणि चिंधी कुणी हलवली, तेही कळलं," हे म्हणाले. "असली गाठ दुसऱ्या कुणाची असणार? सुटेचना!"

"मग घरी आल्यावर बोलला का नाहीत?" माझा जीव आता भांड्यात पडला होता, त्यामुळे आवाज परत चढला.

"तुला वाटलं असतं, मी तुझ्यावर संशय घेतो."

अण्णा हसायला लागला. इतका हसला की गुडघा स्टुलावर आपटून तो इडलीएवढा फोड फुटला, आणि हसणं नि बोंबलणं एकदमच सुरू झालं. निरीक्षा तर खाली बसून हसत होती. "मामा, तुम्ही तरी कुठे प्यायलात!" "मी थांबलो होतो गं, आधी कोण आडवं होतं ते बघायला!"

हे मात्र हसत नव्हते. ह्यांनी सुपातला पेला उचलून धुतला, पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला.

सवयीने मी पेला हुंगला. मग सगळ्यांच्या देखत, एका दमात, तळापर्यंत प्यायले. कडू? टाळूपासून टाचेपर्यंत माझा एकेक केस ताठ उभा राहिला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला माझ्या स्वर्गवासी सासूबाई स्पष्ट दिसल्या. हे श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे.

मी पेला पालथा केला, पदराने तोंड पुसलं आणि निकाल सांगून टाकला.

"ऐका! पुढल्या आटीलाही साल तुम्हीच आणायची, अण्णाचा गुडघा बरा असला तरी. पण आज जे झालं त्यात चूक तुमचीच आहे! झाड अंधारात हाताला कळत होतं, तर चिंधी बांधायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं?"